डिझेल इंजिनातील ज्वलन आणि उष्णतेचा हिशेब

विहिरीवरील डिझेल इंजिन सुरू झाले की त्याच्या सिलिंडरवर हात ठेवून पाहण्याची सवय अनेक शेतकऱ्यांना असते. हाताला गारवा लागला की इंजिन उत्तम चालले आहे, असे समाधान वाटते. हे समाधान बहुधा फसवे असते आणि त्याची किंमत डिझेलच्या रूपाने मोजावी लागते.

१८९७ साली ऑग्सबुर्ग येथे रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाची चाचणी झाली, तेव्हा इंधनातील सुमारे २६ टक्के उष्णतेचे कामात रूपांतर झाले. वाफेची यंत्रे त्या मानाने फार मागे होती. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि पुढे हे यंत्र महाराष्ट्राच्या शिवारात परिचयाचे झाले.

या इंजिनात ठिणगी लागत नाही. दट्ट्या वर येताना आतील हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या-सतराव्या हिश्श्यात दाबली जाते आणि तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर चढते. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा सुटतो. पण तो तत्क्षणी पेटत नाही. सूक्ष्म थेंबांची वाफ होऊन ती हवेत मिसळेपर्यंत सेकंदाचे एक-दोन सहस्रांश जातात. हा विलंब वाढला, तर साचलेले इंधन एकदम भडकते आणि इंजिन ठोके देऊ लागते. उरलेले इंधन हवा मिळेल तसे जळत जाते. हवा अपुरी पडली किंवा नोझल झिजून फवाऱ्याऐवजी थेंब ठिबकू लागले, की काळा धूर निघतो. हा धूर म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेली काजळीच होय!

ज्वालेचे तापमान २,००० अंशांच्या आसपास जाते. त्या धगीत सिलिंडरच्या भिंतीवरील वंगणाचा पापुद्रा करपून जाऊ नये, एवढ्यासाठीच थंड पाण्याची योजना असते. शाळेत शिकविले जाणारे वहन, अभिसरण आणि प्रारण हे तिन्ही प्रकार शिक्षकांना येथे एकाच यंत्रात दाखविता येतील. ढोबळमानाने इंधनातील एक तृतीयांश उष्णता कामी येते, जवळजवळ तितकीच धुराबरोबर जाते आणि उरलेली मुख्यतः पाणी वाहून नेते.

पाण्याचा हा वाटा विनाकारण वाढविला जातो, तेथे खरे नुकसान होते. विहिरीचे पाणी साधारण २५ अंशांचे असते. पंपाच्या नळातून फाटा काढून ते अखंड धारेने सिलिंडरभोवतीच्या जॅकेटमधून सोडले, की भिंती अतिथंड होतात. दाबलेल्या हवेची उष्णता भिंतीच शोषून घेतात, पेट घेण्यास विलंब लागतो आणि न जळलेले डिझेल भिंतीवरून ओघळून तळाच्या वंगणात मिसळते. वंगण पातळ झाले की लायनर आणि रिंगा झिजतात. पूर्वी डिझेलमधील गंधकामुळे थंड भिंतीवर आम्लही साचत असे. १ एप्रिल २०२० पासून देशात दशलक्ष भागांत १० भागांपेक्षा अधिक गंधक नसलेले डिझेल मिळू लागल्याने तो धोका बराच कमी झाला; बाकीचे दोष मात्र कायम आहेत.

यावरील उपायाला खर्च जवळजवळ नाही. फाट्यावर एक कॉक बसवून तो इतकाच उघडा ठेवावा, की जॅकेटमधून बाहेर पडणारे पाणी ६० ते ७० अंशांचे राहील. तापमापी वापरणे उत्तम, कारण इतक्या कढत पाण्याने हात भाजतो. कॉक पूर्ण बंद मात्र कधीही करू नये. तसेच पाण्यावाचून तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये. बिडाला तडा जातो.

जड पाण्याच्या विहिरींवर आणखी एक पथ्य पाळावे लागते. जॅकेटमध्ये चुन्याचा थर बसतो. एक मिलिमीटर जाडीचा थरही उष्णतेला दोन-अडीच सेंटिमीटर बिडाइतका अडवू शकतो. अशा वेळी बाहेर येणारे पाणी कोमट लागते, पण आतला सिलिंडर तापलेला असतो. म्हणून अशा गावी कॉक बसविण्यापूर्वी जॅकेट उघडून थर खरवडून घ्यावा.