पाठविलेल्या टपालाचा माग : पत्ता, क्रमांक आणि सेवेची निवड

कोल्हापूर जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात, आजोळी राहून शिकलेली मुलगी पुढील शिक्षणासाठी आईवडिलांकडे हुबळीस गेली आहे, असे समजू. कुटुंबाचे घर हुबळीतील केशवापूर भागात आहे. नव्या विद्यालयास शाळा सोडल्याचा मूळ दाखला हवा आहे आणि प्रवेशाची मुदत आठ दिवसांवर आली आहे. गावच्या मुख्याध्यापकांनी दाखला लखोट्यात घालून टपालाने रवाना केला. यापुढील आठ दिवसांत तो लखोटा कोठे आहे, हे कोणास व कसे कळणार? तो वाटेत अडला तर कोणाकडे विचारणा करावयाची? या प्रश्नांची उत्तरे लखोटा टपालात देण्यापूर्वीच ठरलेली असतात. पत्ता कसा लिहिला, कोणती सेवा निवडली आणि पावती जपून ठेवली की नाही, या तीन गोष्टींवर ती अवलंबून असतात.

पत्ता आणि पिनकोड

आपल्या देशात एकाच नावाची अनेक गावे आहेत. शिवाय एकाच गावाचे नाव निरनिराळ्या भाषांत निरनिराळ्या रीतीने लिहिले जाते. मराठीत ज्यास हुबळी म्हणतात, त्या शहराचे नाव २०१४ पासून अधिकृतपणे हुबळ्ळी असे आहे. बेळगावचे बेळगावी झाले. औरंगाबाद नावाचे शहर बिहारमध्ये आहे, आणि महाराष्ट्रातील शहरही २०२३ पर्यंत अधिकृतपणे त्याच नावाने ओळखले जात असे. अशा स्थितीत केवळ नावावरून टपालाची वाटणी करणे कठीण जाते.

ही अडचण दूर करण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोडची पद्धत सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील उच्चाधिकारी होते. ते मराठी भाषक असून संस्कृतचे व्यासंगी पंडित व नाटककार म्हणूनही विख्यात होते.

पिनकोडात सहा अंक असतात. केशवापूरचा ५८००२३ हा क्रमांक उदाहरणादाखल घेऊ. पहिला अंक ५ हा विभाग दर्शवितो. त्यात कर्नाटक, आंध्र प्रदेश व तेलंगणा ही राज्ये येतात. ५८ या पहिल्या दोन अंकांवरून कर्नाटकातील उपविभाग कळतो. ५८० या तीन अंकांवरून हुबळी-धारवाड परिसराचा वर्गवारी जिल्हा ठरतो. शेवटचे ०२३ हे तीन अंक बटवडा करणारे टपाल कार्यालय दाखवितात. कोल्हापूर जिल्ह्याचे बहुतेक पिनकोड ४१६ ने सुरू होतात. म्हणजे पत्त्यातील नाव कानडीत असो वा मराठीत, केवळ अंक पाहून वर्गवारी करणारा कर्मचारी लखोटा योग्य थैलीत टाकू शकतो. मात्र एक अंक चुकला तरी लखोटा दुसऱ्याच गावी जाऊ शकतो. म्हणून पिनकोड अंदाजाने लिहू नये. तो पत्ता देणाऱ्याकडून विचारून घ्यावा. पत्त्याशेजारी प्राप्तकर्त्याचा भ्रमणध्वनी क्रमांक व मागील बाजूस पाठविणाऱ्याचा पूर्ण पत्ता असणेही तितकेच आवश्यक आहे.

तेरा चिन्हांचा क्रमांक

साध्या टपालाचा माग घेता येत नाही. ज्या सेवांत नोंद ठेवली जाते, त्या सेवांत पावतीवर एक क्रमांक छापलेला असतो. स्पीड पोस्टच्या पावतीवरील क्रमांक तेरा चिन्हांचा असतो : आरंभी दोन रोमन अक्षरे, मध्ये नऊ अंक व शेवटी ‘आय’ आणि ‘एन’ ही भारतदर्शक अक्षरे. ही रचना १८७४ मध्ये स्थापन झालेल्या विश्व टपाल संघाच्या मानकानुसार आहे. त्यामुळे परदेशी गेलेल्या टपालाचा माग तेथील टपाल खात्यालाही त्याच क्रमांकावरून घेता येतो.

नऊ अंकांपैकी पहिले आठ अनुक्रमांकाचे व नववा पडताळ्याचा असतो. पडताळा असा काढतात : आठ अंकांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९ व ७ यांनी गुणावे, गुणाकारांची बेरीज करून तिला ११ ने भागावे, येणारी बाकी ११ मधून वजा करावी. उत्तर १० आल्यास ० व ११ आल्यास ५ हा अंक धरावा. समजा, अनुक्रमांक १२३४५६७८ आहे. गुणाकार ८, १२, १२, ८, १५, ३०, ६३ व ५६ असे येतात. त्यांची बेरीज २०४. तिला ११ ने भागले असता बाकी ६ उरते. ११ मधून ६ वजा केले की ५ हा पडताळ्याचा अंक मिळतो. कोणी घाईने ५ व ६ यांची अदलाबदल करून १२३४६५७८ असे लिहिले, तर बेरीज २०२ होते, बाकी ४ उरते व पडताळा ७ येतो. तो पावतीवरील ५ शी जुळत नाही. अर्थात क्रमांक उतरवून घेताना चूक झाली, हे तत्काळ लक्षात येते.

नोंदी कशा वाचाव्यात

भारतीय टपाल खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर हा क्रमांक भरला असता नोंदींची यादी दिसते. या यादीविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. लखोटा या क्षणी कोठे आहे, हे ती यादी सांगत नाही. तो कोणत्या टप्प्यावर केव्हा तपासला गेला, एवढेच ती सांगते. ती वाटेवरील ठाण्यांची हजेरी होय.

लखोटा स्वीकारला की पहिली नोंद होते. त्यानंतर तो इतर टपालाबरोबर थैलीत भरला जातो व थैली रवाना झाल्याची नोंद होते. थैलीस स्वतःचा वेगळा क्रमांक असतो. ती मोटारीत वा रेल्वेत असेपर्यंत आतील लखोट्याची नवी नोंद सहसा होत नाही. वर्गवारी कार्यालयात थैली उघडल्यावर पुढची नोंद दिसू लागते. म्हणून काही काळ यादीत भर पडली नाही, तर लखोटा हरवला असे मानण्याचे कारण नाही. मात्र नोंदींत अनपेक्षित गाव दिसू लागले, किंवा अपेक्षित काळ उलटूनही यादी पुढे सरकली नाही, तर चौकशीस विलंब करू नये.

लखोटा बटवड्यासाठी पोस्टमनकडे दिल्याची नोंद अखेरच्या टप्प्यावर येते. पुढे ‘दार बंद’, ‘पत्ता अपुरा’ किंवा ‘प्राप्तकर्ता स्थलांतरित’ असा शेरा दिसल्यास प्राप्तकर्त्याने त्याच दिवशी पावतीचा क्रमांक व ओळखपत्र घेऊन आपल्या टपाल कार्यालयात जावे. न बटावलेले टपाल तेथे मर्यादित काळच ठेवतात, नंतर ते पाठविणाऱ्याकडे परत जाते. वरील उदाहरणातील दाखला अशा रीतीने परत गेला, तर प्रवेशाची मुदत टळण्याचा धोका आहे.

कोणत्या वस्तूस कोणती सेवा

सेवा निवडताना चार प्रश्न विचारावेत : वस्तू किती लवकर पोचली पाहिजे, पोचल्याचा पुरावा लागेल काय, वजन किती आणि मूल्य किती?

मुदतीच्या कागदपत्रांसाठी स्पीड पोस्ट उपयुक्त होय. ही सेवा १ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झाली. पूर्वी महत्त्वाचे कागद रजिस्टर्ड टपालाने पाठविण्याची रीत होती. १ सप्टेंबर २०२५ पासून देशांतर्गत रजिस्टर्ड टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन करण्यात आले. परंतु नोंदणीची सोय बंद झालेली नाही. स्पीड पोस्टच्या शुल्काशिवाय थोडे अधिक शुल्क भरून ती घेता येते. ती घेतल्यास टपाल स्वतः प्राप्तकर्त्याच्या वा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीच्या हाती दिले जाते. प्राप्तकर्त्याच्या भ्रमणध्वनीवर आलेला सांकेतिक अंक सांगितल्यावरच बटवडा करण्याची सोयही उपलब्ध आहे. मूळ दाखला, नोटीस वा करारपत्र पाठविताना अशी सोय घेणे शहाणपणाचे ठरते.

पुस्तके पाठविणाऱ्या शाळा व वाचनालयांसाठी १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही स्वस्त सेवा सुरू झाली आहे. तीत पाच किलोपर्यंतची शैक्षणिक, सांस्कृतिक व धार्मिक पुस्तके जमिनीवरील वाहतुकीने जातात व त्यांचा माग घेता येतो. व्यापारी जाहिरातींचे साहित्य तीत चालत नाही. ही सेवा मंद असल्याने मुदतीच्या कामासाठी ती निवडू नये. मौल्यवान वस्तूचे मूल्य जाहीर करून विमा उतरवावा. विम्याशिवाय मिळणारी भरपाई मर्यादित असते. दर वेळोवेळी बदलत असल्याने ते टपाल कार्यालयातच विचारून घ्यावेत.

तक्रार आणि सावधगिरी

चौकशीचा आधार पावती हाच आहे. टपाल पोचल्याची खात्री होईपर्यंत ती जपून ठेवावी व तिचा क्रमांक प्राप्तकर्त्यास कळवावा. कार्यालयांनी जावक नोंदवहीत प्रत्येक टपालासमोर हा क्रमांक लिहिण्याची पद्धत ठेवल्यास पुष्कळसा पत्रव्यवहार वाचेल. तक्रार टपाल कार्यालयात, संकेतस्थळावर किंवा १८०० २६६ ६८६८ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर नोंदविता येते.

अलीकडे टपाल खात्याच्या नावाने खोटे संदेश पाठविण्याचे प्रकार घडले आहेत. ‘तुमचे पार्सल आले आहे, पत्ता अपुरा असल्याने या दुव्यावर माहिती भरा’ अशा स्वरूपाचा मजकूर त्यात असतो. केंद्र शासनाच्या पत्र सूचना कार्यालयाने हे संदेश बनावट असल्याचे स्पष्ट केले आहे. संदेशातील दुवा न उघडता पावतीवरील क्रमांक अधिकृत संकेतस्थळावर स्वतः तपासावा. ज्याच्याकडे असा क्रमांकच नाही, त्याने पाठविणाऱ्याकडे खात्री करून घ्यावी. सांकेतिक अंक प्रत्यक्ष वस्तू घेऊन आलेल्या पोस्टमनलाच सांगावा, दूरध्वनीवर कोणासही सांगू नये. फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे.

शिक्षकांसाठी उपक्रम

१. विद्यार्थ्यांनी आपल्या व दोन नातेवाइकांच्या गावांचे पिनकोड मिळवून प्रत्येकातील विभाग, उपविभाग व वर्गवारी जिल्हा ओळखावा.

२. जुन्या पावत्यांवरील क्रमांक घेऊन नववा अंक गणिताने पडताळावा. नंतर मुद्दाम दोन अंकांची अदलाबदल करून काय फरक पडतो, ते पाहावे.

३. शाळेने पाठविलेल्या एखाद्या टपालाच्या नोंदी रोज फळ्यावर लिहाव्यात व वाटेतील गावे नकाशावर दाखवावीत.

घरातील वडीलधाऱ्यांस संकेतस्थळ पाहता येत नसेल, तर हे काम मुले सहज करू शकतील. पावतीवरचे तेरा चिन्हांचे अक्षरांक वाचता येणे, ही आज पत्र लिहिता येण्याइतकीच आवश्यक साक्षरता झाली आहे.