चैत्र पहाटेच गाठावा

शहाद्यात वसंत फार काळ मुक्काम करत नाही. महाशिवरात्र झाली की थंडी पाय काढते, होळीला सातपुड्याच्या उतारावर पळस फुललेला असतो, आणि गुढी उभारेपर्यंत भरदुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसेनासं होतं. एप्रिलात पारा चाळिशी ओलांडतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, गावाला लागून गोमाई, आणि चहूकडे ऊस, केळी, पपईची काळी जमीन. या गावात मी सून म्हणून आले, इथल्याच शाळेत शिकवलं आणि इथेच गावाच्या कडेला परसबाग केली. या दिवसांनी मला जे शिकवलं, ते इथे मांडते आहे. कुणाच्या तरी घरात उपयोगी पडेल.

१. चैत्रातला दिवस सकाळी नऊला संपतो, असं धरून चालावं.

आमच्या सासूबाईंची हाक अंधारातच यायची, "ऊठ वं माय, ऊन चढी ऱ्हायनं!" ऊन तर सोडाच, पूर्वेला तांबडंही फुटलेलं नसे. पण त्यांचं म्हणणं खरं होतं. या महिन्यात जे काही गोड आहे ते पहाटे आहे. कडुनिंबाच्या मोहराचा वास पहाटेच्या गारव्यात अंगणभर असतो आणि ऊन चढलं की तो जाणवेनासा होतो. कोकीळ तेव्हापासूनच गाऊ लागतो, हळद्या तेव्हाच दिसतो. तांबट मात्र दुपारभरही टुकटुक करत राहतो, त्याला उन्हाचं काही वाटत नाही.

घरातली माणसंही त्या वेळी एकमेकांची असतात. झाडांना पाणी देताना यजमानांशी जेवढं बोलणं होतं तेवढं पुढे दिवसभरात होत नाही. शेताचा हिशेब, मुलाचा फोन, दुखरा गुडघा, सगळं नळी या आळ्यातून त्या आळ्यात सरकवताना निघतं. सुट्टीला आलेल्या नातवंडांनाही मी याच वेळी उठवते. पहिले दोन दिवस कुरकुर होते. मग तीच आधी उठून, बुलबुलाची पिल्लं अजून घरट्यात आहेत का, ते बघून येतात. दुपारी दारं-खिडक्या लावून, कूलर लावून गुमान पडावं. संध्याकाळी सहानंतर दुसरा छोटा दिवस सुरू होतोच.

२. पाणी मुळाला द्यावं, आणि माती कधी उघडी ठेवू नये.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. नुसत्या भेगा पडून थांबत नाही. त्या भेगांत बारीक मुळं तुटतात आणि ओतलेलं पाणी झाडाला न मिळता थेट खाली जातं. म्हणून आळ्यात उसाचं पाचट पसरावं. हंगामाच्या शेवटी आपल्या भागात पाचटाला तोटा नसतो, आणि कितीतरी जण ते शेतातच पेटवून देतात याचं मला फार वाईट वाटतं. चांगला वीतभर थर द्यावा, मात्र बुंध्यापासून चार बोटं लांब, कारण पाचटाला उधई लागली तर ती आधी साल धरते.

वेलींसाठी माठासारखा उपाय नाही. भाजलेल्या मातीचा साधा माठ गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचा, भोवती गिलके, दोडके, काकडी लावायची, माठ भरायचा आणि तोंडावर झाकणी ठेवायची, नाहीतर डास होतात. पाणी माठातून पाझरतं आणि मुळं वास काढत माठापर्यंत येतात. हंगाम संपल्यावर माठ उकरून काढला तर त्याच्या पोटाला मुळांची दाट जाळी बिलगलेली दिसते. नातवाला ती दाखवली तेव्हा त्यानं माठ तसाच उचलून ओसरीवर ठेवला आणि येणाऱ्या प्रत्येकाला बोलावून दाखवला. माठ नवाच घ्यावा. पिण्याच्या पाण्याचा जुना माठ कामाचा नाही. आपल्या जड पाण्यानं त्याची छिद्रं क्षारांनी बुजलेली असतात.

३. पपई परसात असावीच, पण वेलभाज्यांपासून लांब.

शहाद्याची पपई ट्रकनं उत्तरेकडे जाते आणि इथल्या कितीतरी घरांचा संसार तिच्यावर चालतो. शेतातल्या पपईचं गणित भावाचं, हवामानाचं आणि रोगाचं असतं. त्यातले कष्ट आणि धास्ती मी घरात पाहिली आहे. परसातली दोन-तीन झाडं ही निव्वळ आनंदाची. रेड लेडी वाणाची रोपं लावली तर नर झाड निघत नाही: काही झाडं मादी, काही उभयलिंगी. मादी झाडाची फळं गोल, उभयलिंगीची लांबट. मुलांना फुलं आली की ओळखायला लावावं, एकदा शिकली की विसरत नाहीत.

दोन गोष्टी सांभाळाव्या. बुंध्याशी पाणी साचू देऊ नये, खोड सडतं. आणि काकडी, भोपळा, गिलके यांच्या शेजारी पपई लावू नये, कारण मावा पपईचा विषाणू पसरवतो आणि तो रोग वेलवर्गातही येतो. परसबाग लहान असली तरी एक या टोकाला, दुसरं त्या टोकाला एवढं तरी करावं. पश्चिमेच्या उन्हात येणारी फळं जुन्या लुगड्यानं गुंडाळून घ्यावी, म्हणजे ती उन्हानं करपत नाहीत. झाडावर पिवळी रेघ दिसलेली पपई सकाळी उतरवून, दोन दिवस घरात ठेवून, मग कापावी. त्या फळाची चव बाजारच्या फळाला नाही, कारण बाजारासाठी ते आधीच उतरवावं लागतं.

४. मोगऱ्याला आधी उपाशी ठेवावं.

जानेवारीत पाणी तोडावं, फेब्रुवारीत हलकी छाटणी करून शेणखत द्यावं आणि मग पाणी सुरू करावं. चैत्रात झाड कळ्यांनी भरतं. टपोऱ्या कळ्या संध्याकाळी खुडाव्या, रात्री घरात उमलतात. चार कळ्या देवापुढे, चार माठावर, बाकीच्या ज्या शेजारणीच्या दारात मोगरा नाही तिच्याकडे.

५. वाळवण एकटीनं करू नये.

आता सगळं विकत मिळतं, आणि चांगलंही मिळतं. घरगुती पापड-कुरडया करून विकणाऱ्या बायकांचा संसार त्यावर चालतो, म्हणून विकत घेण्याला मी नावं ठेवत नाही. पण वर्षात एक दिवस तरी गच्चीवर ज्वारीचे बिबडे घालावेच, आणि चार घरं मिळून घालावे.

ज्वारी ओलवून कांडायची, कोंडा पाखडायचा, भिजवून भरड काढायची, ही तयारी आधीच्या दिवसांची. त्या दिवशी पहाटे चारला चूल पेटते. मोठ्या पातेल्यात आधणाला मीठ, लसूण-मिरची, जिरं, तीळ पडतात आणि भरड वैरताना एकीनं ओतायचं, दुसरीनं लांब दांडक्यानं घाटायचं, थांबायचं नाही. थांबलं की गाठी. घाटा शिजला की तो रटरटत अंगावर उडतो, म्हणून जाणती बाई चुलीपाशी आणि सुना गच्चीवर, अशी कामाची वाटणी असते. गच्चीवर ओलं सुती लुगडं पसरलेलं असतं. घाट्याचा गोळा टाकायचा, बोटं गार पाण्यात बुडवायची आणि गोळा भाकरीएवढा पसरवायचा. बोटं भाजतात, हसणं चालू असतं, कुणाचा बिबडा गोल आणि कुणाचा नकाशासारखा यावरून चिडवाचिडवी होते. सूर्य वर येईपर्यंत लुगडं भरलेलं असतं.

लहान मुलांचं लक्ष असतं ते वाटीतल्या गरम घाट्याकडे. वर कच्चं तेल सोडलं की त्यासारखी न्याहारी नाही. संध्याकाळी लुगडं उलटं करून मागून पाणी शिंपडायचं आणि बिबडे अलगद सोडवायचे, हे काम मुलांना द्यावं. त्यांची बोटं नाजूक असतात, आणि त्यांना त्या घाईच्या दिवशी खरं काम मिळाल्याचा अभिमान वाटतो.

ज्या बाईचा नवरा वारला आहे किंवा जिची मुलं परगावी आहेत, तिला त्या दिवशी आवर्जून बोलवावं. सासरचे वाद, दुखणी, पोरींची लग्नं, जे एरवी कुणी काढत नाही ते गच्चीवर हात चालू असताना सहज निघतं. माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या आणि माझ्या मनातली एक जुनी अढी अशीच कुरडयांच्या सोऱ्यापाशी सुटली. कोण चुकलं हे दोघींनीही काढलं नाही. त्या सोऱ्या दाबत होत्या, मी पीळ धरत होते.

६. कडुनिंब तोडू नये.

गाडी लावायला पत्र्याची शेड करायची म्हणून पन्नास वर्षांचा निंब पाडलेला मी पाहिला आहे. मग त्या पत्र्याखाली दुपारी उभं राहवत नाही. पाडव्याला त्याचा कोवळा पाला आणि फुलं गूळ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, ओवा, जिरं घालून वाटावी आणि सगळ्यांनी खावी. रात्री त्याच्याखाली खाट टाकावी.

७. नदीला महिन्यातून एकदा तरी जावं, काही मागायला नाही, नुसतं बसायला.

आपल्याला प्रकाशा जवळ आहे. गोमाई तिथे तापीला मिळते. लोक दक्षिणकाशी म्हणतात, केदारेश्वराला दुरून येतात. प्रकाशा आणि सारंगखेडा इथे तापीवर बॅरेज झाल्यापासून भर उन्हाळ्यातही पाणी दिसतं. संध्याकाळी घाटावर बसावं, सोबत डबा न्यावा: भाकरी, ठेचा, कांदा. मुलांना पायऱ्यांपलीकडे पाण्यात उतरू देऊ नये, साठवलेलं पाणी खोल असतं. प्लास्टिक परत आणावं. तीर्थावर घाण करून पुण्य कसं मिळेल?

८. डोंगराकडे पाहुण्यासारखं जावं.

तोरणमाळच्या वाटेवर मार्च-एप्रिलात मोह फुलतो. फुलं पहाटे गळतात आणि त्याआधीच पावरा आणि भिल्ल कुटुंबं टोपल्या घेऊन झाडाखाली पोचलेली असतात. कोणतं झाड कोणत्या घराचं हे परंपरेनं ठरलेलं असतं. त्यामुळे गंमत म्हणून फुलं गोळा करू नयेत, खाली पडलेल्या फुलांवरून गाडी नेऊ नये. विचारलं तर तीच माणसं मूठभर फुलं हातावर ठेवतात, त्यांचा जाड गोडवा जिभेवर बराच वेळ राहतो.

होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. ढोल, बासरी, घुंगरं, डाळ्या, गूळ, साखरेचे हार-कडे. काठी गावची राजवाडी होळी तर दूरवर प्रसिद्ध आहे. तिथे जावं, पण नाचणाऱ्यांच्या तोंडासमोर मोबाइल धरू नये. हा त्यांचा सण आहे, आपल्यासाठी मांडलेला खेळ नव्हे. आणि पुढे धडगावच्या बाजूनं आमचूर विकायला बाई आली तर भाव करू नये. कैऱ्या उतरवणं, सोलणं, चिरणं, खडकावर वाळवणं आणि अवकाळी पाऊस आला की धावत गोळा करणं, एवढं सगळं त्या पांढऱ्या फोडींत आहे.

९. आखाजीला लेक घरी आणावीच.

खान्देशात वैशाखातली अक्षय तृतीया म्हणजे आखाजी, आणि आखाजी म्हणजे माहेर. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल याच दिवशी संपतं आणि नवं ठरतं, शेतकऱ्याचं वर्षही इथूनच मोजलं जातं. सकाळी पितरांची घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, आंबे ठेवायचे. मग आमरस आणि खापरावरचे मांडे. पुरण भरलेला मांडा दोन्ही हातांवर झेलत झेलत मोठा करायचा आणि पालथ्या खापरावर टाकायचा, हे ज्या बाईला येतं तिला आमच्याकडे अजून मान आहे. सुनांनी आणि मुलांनीही ते शिकून घ्यावं. शिकवणाऱ्या बायका म्हाताऱ्या होत चालल्या आहेत.

पुरुष मंडळी पत्ते कुटतात. पोरी निंबाच्या फांदीला झोका बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. झोक्यासाठी शेवग्याची फांदी कधी धरू नये, कटकन मोडते. निंबाची किंवा चिंचेची धरावी आणि दोराखाली पोत्याची घडी द्यावी, म्हणजे सालही सोलत नाही. लग्न झालेली, दोन मुलांची आई असलेली लेक झोक्यावर उभी राहून जेव्हा उंच जाते, तेव्हा तिच्याकडे बघावं. सासरी ती कशी आहे हे ती तोंडानं सांगणार नाही, पण त्या दोन दिवसांत तिची झोप, तिचं जेवण, तिचं हसणं सगळं सांगतं. आईनं ते वाचावं, आणि काही खटकलं तर सण झाला म्हणून लगेच परत पाठवू नये.

पूर्वी लेकीला आणायला मुऱ्हाळी जायचा. भाऊ, काका, नाहीतर घरचा विश्वासू सालदार बैलगाडी घेऊन निघायचा, आणि तो वेशीत दिसला की सासरी पोरीचा चेहरा उजळायचा. आता आपण फोनवर "ये गं" म्हणतो, आणि ती "बघते" म्हणते. यंदा तसं करू नका. लेक सुरतेला असो, पुण्याला असो की शेजारच्या तळोद्याला, घरातल्या कुणाला तरी तिच्या दारापर्यंत पाठवा आणि तिला हातानं घेऊन या.