अनुदान : देणगी नव्हे, करार

देवळाच्या दानपेटीत पडणाऱ्या रुपयावर देणाऱ्याचे नाव नसते, आणि तो खर्च कोठे झाला हे विचारण्यास देणारा सहसा परत येत नाही. वर्गणीदार वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेस येतो व जमाखर्च ऐकून घरी जातो. अनुदान हा या दोहोंहून निराळा प्रकार होय. एखादा न्यास किंवा प्रतिष्ठान ठरावीक कामासाठी, ठरावीक मुदतीपर्यंत, अटी घालून रक्कम देते, तेव्हा देणारा व घेणारा यांच्यात एक करार झालेला असतो. आपल्या मंडळींत या तिन्हींस सरसकट 'देणगी' म्हणण्याची सवय आहे, म्हणून या विषयाचा थोडा खुलासा करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या बाबतीत हैदराबाद व पुणे यांना जोडणारे एक उदाहरण फार बोलके आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपयांचे अभिवचन देऊन या कार्यास आरंभीच बळ दिले होते. पुढे द्रव्याची चणचण भासू लागली, तेव्हा संस्थेने सातवे निझाम मीर उस्मान अली खान यांच्याकडे रीतसर विनंती केली. आणि १९३२ पासून दरसाल १,००० रुपये याप्रमाणे ११ वर्षांचे अनुदान मंजूर झाले. महाभारतासाठी निझामाच्या खजिन्यातून पैसा गेला, याचे ज्यांना नवल वाटते त्यांनी वाटून घ्यावे. आम्हांस त्या मंजुरीची रीत अधिक विचारार्ह वाटते.

एकंदर ११,००० रुपये ही एवढ्या अवाढव्य कार्याच्या मानाने मोठी रक्कम नव्हे. तिचे मोल नियमितपणात होते. शारदा, तेलुगु, ग्रंथ, मल्याळम अशा नाना लिपींतील पोथ्या ताडून पाहणाऱ्या पंडितांचे वेतन महिन्याच्या महिन्यास द्यावे लागते. एकदाच मिळालेली रक्कम पहिल्या उत्साहात खर्ची पडते, बांधलेला वार्षिक आकडा मात्र कामास शिस्त लावतो. दुसरे असे की, विनंती गेली तेव्हा संस्थेपाशी दाखविण्याजोगे काही होते. आवृत्तीचा पहिला भाग १९२७ मध्येच छापून निघाला होता. संकल्पाला पैसा क्वचित मिळतो, चालू कामाला तो मिळू शकतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुखठणकर १९४३ मध्ये निवर्तले, अनुदानाची मुदतही त्याच सुमारास सरली. आवृत्ती पूर्ण झाली ती १९६६ मध्ये. एकाच दात्यावर भिस्त असती तर ग्रंथ अर्ध्यावरच राहता.

निझामांनी त्याच संस्थेच्या अतिथिगृहासाठी वेगळी रक्कम दिली, व ती वास्तू त्यांच्याच नावाने ओळखली जाते. इमारतीवर नाव कोरता येते, पंडिताच्या वेतनावर ते कोरता येत नाही. म्हणूनच बांधकामास दाते लवकर मिळतात आणि रोजच्या खर्चास मिळत नाहीत, ही अडचण आजही तशीच आहे. आपल्या शहरातील निझाम्स ऑर्थोपीडिक रुग्णालय निझामांच्या धर्मादाय न्यासाने उभे केले. पुढे ते सरकारकडे गेले आणि आज 'निम्स' म्हणून चालते. उभारणे आणि चालविणे ही दोन निरनिराळी कामे असून त्यांची तजवीजही निरनिराळी करावी लागते, हे पंजागुट्ट्यावरून जाता-येता आपल्या ध्यानी यावे.

सांप्रत अनुदानाचा मोठा ओघ कंपन्यांकडून येतो. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यासाठी खर्च करावयाचे असतात. हैदराबादेत औषधनिर्मितीचे मोठाले उद्योग आहेत, तेव्हा हा स्रोत आपल्या दारातच आहे म्हणावयाचे. परंतु मंदिर-संस्थांनी येथे सावध असावे. शिक्षण, पिण्याचे पाणी, स्वच्छता, सार्वजनिक वाचनालय ही कामे कायद्याच्या यादीत आहेत. पूजाअर्चा व उत्सव नाहीत. वाचनालय किंवा अभ्यासिका चालवावयाची असेल तर तिची नोंदणी व बँकेतील खाते मंदिराहून स्वतंत्र ठेवणे हेच बरे. बाहेरच्या संस्थेस अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, आणि १ एप्रिल २०२१ पासून केंद्र सरकारकडे नोंदणी करून क्रमांकही घ्यावा लागतो. अर्ज करण्याच्या महिन्यात संस्था स्थापन करू पाहणाऱ्यांनी हे अवश्य लक्षात घ्यावे.

अर्जाविषयी थोडेसेच लिहितो. त्यात संस्थेची थोरवी एका परिच्छेदात आटोपावी व कामाचे वर्णन नेमके असावे. वस्तीत कूपनलिका खोदावयाची असेल तर खोली, पंप व नळ यांचा खर्च सगळेच लिहितात. विजेचे बिल कोण भरणार, पंप बिघडला तर कोणाला बोलावणार, आणि उन्हाळ्यात पाणी आटले तर काय करणार, हे लिहिणारे थोडे. अनुभवी विश्वस्त नेमके तेच पान प्रथम उघडतात. रक्कम हाती आल्यावर तिचे खाते वेगळे ठेवावे, पावत्या तारखेवार लावाव्यात, आणि एका कामाची शिल्लक देणाऱ्याच्या लेखी संमतीवाचून दुसऱ्या कामाकडे वळवू नये, मग ते दुसरे काम कितीही निकडीचे असो. मुदत संपता उपयोगिता प्रमाणपत्र हिशेबतपासनिसाच्या सहीने पाठवावे, व उरलेली रक्कम करारात असेल त्याप्रमाणे परत करावी.