३४० गुणांचे दोन अर्थ

नीटचा निकाल जूनमध्ये लागतो. यवतमाळ जिल्ह्यात ते पेरणीचे दिवस. घरातला पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला असतो, नवा पैसा दिवाळीच्या सुमारास कापूस घरी आल्यावरच दिसणार असतो, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत नांदेड, लातूर, नागपूर, अकोल्यातल्या रिपीटर बॅच भरू लागतात. जागा संपतील या धास्तीनं घरोघरी निर्णय होतात. निर्णय एका वर्षाचा असतो, अनेकदा कर्जाचाही असतो, आणि तो घेतला जातो एका आकड्याकडे बघून: पोराला किती पडले? कमी गुण पडलेल्या मुलानं पुन्हा बसावं की नाही, हे त्या आकड्यातून कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. ते कळतं ओएमआर उत्तरपत्रिकेतून. ती निकालाच्या आधीच उत्तरसूचीसोबत संकेतस्थळावर मिळते, आणि ती उघडून बसायला एक रुपयाही लागत नाही.

१८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार, चुकलेल्याला वजा एक. आता दोन विद्यार्थी घ्या, दोघांनाही ३४०. पहिल्यानं १०० प्रश्न सोडवले, त्यातले ८८ बरोबर आले, १२ चुकले. ८० प्रश्न कोरे. दुसऱ्यानं १७५ सोडवले, १०३ बरोबर, ७२ चूक. बेरीज करून पाहा, दोघांचे गुण सारखेच येतात. पण पहिल्याला जेवढं येतं तेवढं पक्कं येतं, त्याचा अभ्यासक्रमच अर्धवट राहिला आहे. एका वर्षात तो भरून काढता येतो, म्हणून त्यानं पुन्हा बसण्यात अर्थ आहे. दुसऱ्यानं सगळं वाचलंय, पण वरवर. आणि जे येत नाही तिथं त्यानं अंदाजानं गोळे भरलेत. बरोबर येऊ शकलं असतं असं एक उत्तर चुकणं म्हणजे पाच गुणांचं नुकसान. हा विद्यार्थी पुन्हा त्याच नोट्स, त्याच टेस्ट सिरीज घेऊन बसला तर पुढच्या वर्षी त्याची पत्रिका फार वेगळी दिसणार नाही. त्याला आधी काय येत नाही ते कबूल करायला शिकवणारा, चुकलेलं उदाहरण समोर बसून सोडवून घेणारा शिक्षक हवा. शंभर मुलांच्या बॅचमध्ये असा शिक्षक मिळेलच असं नाही.

म्हणून चुकलेल्या आणि कोऱ्या राहिलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे तीन खुणांपैकी एक करा: आलंच नाही, येत होतं पण चुकलं, वेळ पुरला नाही. मग त्याच प्रश्नापुढे धड्याचं नाव आणि इयत्ता लिहा. आपल्याकडच्या बहुतेक मुलांच्या यादीत अकरावीचे धडे मोठ्या संख्येनं निघतील असा माझा अंदाज आहे, आणि त्याला कारण आहे. आपल्या बोर्डाची बारावीची परीक्षा बारावीच्याच अभ्यासक्रमावर होते. अकरावीची परीक्षा कॉलेजपुरती असते, म्हणून ते वर्ष अंगाला लागत नाही. नीट मात्र दोन्ही वर्षांवर प्रश्न विचारते, तेही एनसीईआरटीच्या पुस्तकांच्या आधारानं. त्यात घाटंजी, झरी-जामणी, मारेगावकडची जी मुलं जिल्हा परिषदेच्या किंवा आश्रमशाळेच्या मराठी माध्यमातून दहावी होतात, त्यांचं अकरावीचं वर्ष विज्ञानाच्या इंग्रजीशी झगडण्यातच जातं. गतीचे नियम, कार्य-ऊर्जा, मोल संकल्पना हा पाया तिथंच कच्चा राहतो, आणि पुढे भौतिकशास्त्राचे १८० गुण हातचे जातात. अशा मुलाला 'बुद्धी कमी' म्हणणं अन्याय आहे. पण त्याला बारावीचीच उजळणी करणाऱ्या झटपट बॅचमध्ये बसवणं हाही अन्यायच. त्याचं रिपीटचं वर्ष अकरावीच्या पहिल्या धड्यापासून सुरू व्हायला हवं, आणि जून ते सप्टेंबर त्यातच गेले तरी घाबरू नये.

अमेरिकेत वैद्यकीय महाविद्यालयानं नाकारलेला विद्यार्थी पुन्हा अर्ज करतो तेव्हा निबंधात आणि मुलाखतीत त्याला उत्तर द्यावं लागतं: गेल्या अर्जानंतर तुझ्यात काय बदललं? जुने कमी गुणही तिथं पुसले जात नाहीत, पुढचे वाढत गेलेले गुण त्यांच्याशेजारी ठेवून पाहिले जातात. आपल्याकडे हा प्रश्न कुणी विचारत नाही. गुणवत्ता यादी नीटवरच लागते आणि कितव्यांदा बसलात याची नोंद तिच्यात नसते. मागचं ओझं नाही, ही त्यातली चांगली बाजू. बारावीला टक्के कमी पडले म्हणजे दार बंद झालं असं मानणाऱ्या पालकांनीही हे लक्षात घ्यावं: बारावीचे गुण पात्रतेपुरते असतात. किमान किती लागतात हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा. तेवढेही नसतील तर बोर्डाची श्रेणीसुधार योजना आहे. पण कुणी विचारत नाही म्हणून 'काय बदललं' हा प्रश्न टळत नाही. तो घरीच विचारावा लागतो, आणि उत्तर 'आता जास्त मेहनत करीन' एवढंच आलं तर ते मी अपुरं मानतो.

'पेपरच कठीण होता' हा आक्षेप नेहमी येतो, आणि तो अगदीच खोटा नसतो. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही १७ जणांना ७२० पैकी ७२० होते आणि खुल्या गटाची पात्रता १६२ वर होती. २०२५ मध्ये पहिला आला तो ६८६ वर आणि पात्रता १४४ पर्यंत उतरली. त्यामुळे २०२४ ला ५४० आणि २०२५ ला ४९० मिळवलेला मुलगा मागे गेला असं म्हणणं चूक ठरेल. त्याचा क्रमांक कदाचित पुढेच सरकला असेल. दोन वर्षांची तुलना गुणांनी करू नका, अखिल भारतीय क्रमांकानं करा. आणि तो क्रमांक ठेवून बघा राज्य सीईटी कक्षाच्या गेल्या वर्षीच्या प्रवेश याद्यांशेजारी: आपल्या प्रवर्गात यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय महाविद्यालयातला शेवटचा प्रवेश कुठे थांबला? 'पात्र' या शिक्क्यावर विसंबू नका. २०२५ ला परीक्षा दिली २२ लाखांहून जास्त मुलांनी, पात्र ठरली १२ लाखांहून जास्त, आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. त्यातल्या परवडणाऱ्या सरकारी जागा साधारण निम्म्या.

'अमक्याचा पोरगा तिसऱ्या वेळी लागला ना!' लागला, आणि त्याच्या कष्टांचं मोल मोठंच आहे. पण चौकात फ्लेक्स त्याचाच लागतो. त्याच बॅचमध्ये तीनदा बसून न लागलेल्यांचा फ्लेक्स कुणी लावत नाही, म्हणून आपल्या डोळ्यांसमोरचा पुरावा नेहमी एकाच बाजूचा असतो. क्लासला फी भरण्याआधी विचारा: गेल्या वर्षी तुमच्याकडे ३०० ते ३५० गुणांवर आलेली मुलं किती होती, आणि ती सगळी कुठे पोचली? उत्तर देण्याची टाळाटाळ झाली, तर तेही एक उत्तरच समजा.

विदर्भातून आणखी एक तक्रार येते आणि ती मला समजते. २०२० पर्यंत राज्य कोट्यातल्या ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांसाठी असत. त्या सप्टेंबरात ही ७०:३० पद्धत रद्द झाली आणि यवतमाळचा विद्यार्थी थेट लातूरच्या विद्यार्थ्यासोबत एकाच यादीत आला. शिकवण्याच्या सोयी समान नसताना यादी एक करणं योग्य की अयोग्य, यावर वाद घालावा, आमदारांना जाबही विचारावा. मात्र त्या वादाचा निकाल आपल्या मुलाच्या पुढच्या मेपर्यंत लागेल असं धरून चालू नका. उलट बाजूही मोजा: २०२४-२५ पासून अमरावती, वाशिम, हिंगोली या आपल्याला लागून असलेल्या जिल्ह्यांत सरकारी महाविद्यालयं सुरू झाली. जवळच्या जागा वाढल्या आहेत, पण त्यांच्यावर हक्क साऱ्या राज्याचा आहे.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. मुलाला दुसरं, तिसरं वर्ष मिळतं आणि तेवढ्याच गुणांच्या मुलीला 'बीएस्सी कर, मग बघू' सांगितलं जातं. निकष उत्तरपत्रिकेचा असेल तर तो दोघांना सारखा लागू होतो. मुलीची पत्रिका वर सांगितलेल्या पहिल्या प्रकारची आणि मुलाची दुसऱ्या प्रकारची असेल, तर त्या घरातलं वर्ष मुलीचं आहे.

रिपीट करताना यवतमाळ, पुसद किंवा वणीच्या कॉलेजात बीएस्सीचा प्रवेश घेऊन ठेवावा, असं मी सांगतो तेव्हा 'दोन डगरींवर पाय' म्हणून लोक नाराज होतात. हजेरीचा ताण असतो हे खरंच आहे. तरीही वर्ष फुकट जात नाही, आणि 'हे नाही तर काहीच नाही' या भीतीखाली परीक्षा देणाऱ्या मुलाचा हात थरथरतो, तो थोडा स्थिर राहतो. परदेशात जाण्याचा पर्याय सुचवणाऱ्यांना एवढंच: तिथं शिकून भारतात डॉक्टरी करायची तर नीट पात्रता लागतेच, २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचं शिक्षण आणि तिथलीच एक वर्षाची इंटर्नशिप लागते, आणि परत आल्यावर जी परीक्षा द्यावी लागते तिच्यात बहुसंख्य मुलं नापास होतात. कच्चा पाया तिथंही कच्चाच राहतो, वर कर्ज मोठं.

शेवटची तारीख आधीच ठरवा, आणि ती मेमधली ठेवू नका. डिसेंबरअखेर पूर्ण अभ्यासक्रमाच्या तीन सराव परीक्षा घरी वेळ लावून द्या आणि पुन्हा तीच तीन खुणांची यादी करा. 'येत होतं पण चुकलं' आणि 'आलंच नाही' हे दोन्ही रकाने जूनच्या मानानं निम्म्यावर आले नसतील, तर नीट द्याच, पण सोबत फार्मसीसाठी एमएचटी-सीईटीचा पीसीबी गटाचा आणि बीएस्सी नर्सिंग सीईटीचा अर्जही त्याच हिवाळ्यात भरा. नीटच्याच गुणांवर मिळणारे बीएएमएस, फिजिओथेरपी आणि पशुवैद्यकीय हे अभ्यासक्रमही घरात बसून बोलून घ्या, म्हणजे ऐन प्रवेशफेरीत पसंतीक्रम भरताना भांडण होणार नाही. जात वैधता, नॉन-क्रिमीलेयर, अधिवास आणि गॅपचं प्रतिज्ञापत्र ही कागदपत्रंही याच महिन्यांत मार्गी लावा. वैधतेला महिने लागतात आणि ती वेळेत हातात नसेल तर राखीव जागेवरचा हक्क धोक्यात येतो.