नव्या शहरात नोकरीची मुलाखत : जाण्याआधीचा एक पाठ



आयटीआय किंवा डिप्लोमा झाला की लातूर, बीड, हिंगोलीकडची बरीच मुलं-मुली पुण्याची वाट धरतात. कामाच्या प्रश्नांची तयारी बहुतेक जण करतात. पण परगावच्या उमेदवारासाठी आणखी दोन प्रश्न असतात. एक मुलाखत घेणाऱ्याच्या मनात असतो : "हा इथे टिकेल का?" दुसरा आपल्या मनात असायला हवा : "या पगारात मी इथे टिकेन का?" आज या दोन प्रश्नांचा अभ्यास करू.

१) आधी पत्ता समजून घ्या

"पुण्यात मुलाखत आहे" एवढ्यावर निघू नका. चाकण पुणे-नाशिक रस्त्यावर, रांजणगाव पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर आणि हिंजवडी शहराच्या पश्चिमेला आहे. तिन्हींना लोक पुणेच म्हणतात, पण एकीकडून दुसरीकडे जायला बराच वेळ मोडतो. जमलं तर आदल्या दिवशी पोहोचा. पहिली फेरी फोनवर होईल का, हेही विचारा. झाली तर जाण्यायेण्याचं भाडं वाचतं. मूळ प्रमाणपत्रं दाखवायला न्या, पण ठेवून येऊ नका. द्यायच्या त्या झेरॉक्स.

२) "तुम्ही तर लांबचे, इथे राहणार कुठे?"

हा प्रश्न जवळपास ठरलेलाच. "बघू सर, होईल काहीतरी" हे उत्तर दिलं की समोरच्याला वाटतं, हा दोन महिन्यांत गावी परत जाईल. त्यापेक्षा असं सांगा : "सर, माझ्या गावचे दोघे जण भोसरीत राहतात. पहिला महिना त्यांच्याकडे सोय आहे. नंतर कंपनीजवळ कॉट बेसिसवर खोली घेईन. आठ दिवसांत रुजू होऊ शकतो." उत्तर खरं असावं. ओळखीचं कोणी नसेल तर तसं सांगून खोलीची चौकशी कुठवर आली ते सांगा. आपली बोली लपवायची गरज नाही. सावकाश आणि मुद्द्याचं बोललं की पुरतं.

३) पगाराचं गणित

आता वही काढा. समजा, सांगितलेला सीटीसी महिना २०,०२५ रुपये आहे. त्यात कंपनीने भरायचा पीएफ १,४४० आणि ईएसआयसी ५८५ धरलेला आहे. तो वजा केला की एकूण पगार १८,००० उरतो. त्यात मूळ वेतन १२,००० आहे असं धरू. आता आपल्याकडून कापले जाणारे पैसे :

पीएफ (मूळ वेतनाच्या १२ टक्के) : १,४४०
ईएसआयसी (एकूण पगाराच्या ०.७५ टक्के) : १३५
व्यवसाय कर : २००

हातात आले १६,२२५. म्हणजे ऐकलेल्या आकड्यापेक्षा ३,८०० कमी! (महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर नाही, म्हणून मुलींच्या हातात २०० जास्त येतील.) पीएफ वाया जात नाही, तो आपल्याच खात्यात जमा होतो. पण खोलीभाडं त्यातून देता येत नाही. म्हणून खोली, मेस, प्रवास आणि घरी पाठवायचे पैसे यांची बेरीज हातात येणाऱ्या रकमेतच बसवायची. शिवाय खोलीचं डिपॉझिट आणि पहिला पगार होईपर्यंतचा खर्च आधीच जवळ लागतो.

४) आपणही विचारायचं

"काही विचारायचं आहे का?" असं म्हटल्यावर मान हलवून उठू नका. नम्रपणे विचारा :

- हातात नक्की किती येतील?
- नोकरी कंपनीच्या रोलवर आहे की कंत्राटदाराकडे?
- शिफ्ट कोणत्या? रात्रीच्या शिफ्टला बस आहे का?
- नेमणूकपत्र केव्हा मिळेल?

यात उद्धटपणा काही नाही. उलट, हा विचार करून आलाय हे समोरच्याला कळतं. नेमणूकपत्र हातात आल्याशिवाय खोलीचं डिपॉझिट भरू नका आणि सध्याचं काम सोडू नका.

५) पैसे मागितले की थांबा

"रजिस्ट्रेशन फी भरा", "युनिफॉर्मचे पैसे आधी पाठवा", "मुलाखत झाली असं समजा, फक्त ट्रेनिंगचे पैसे टाका" असं कोणी म्हटलं की तिथेच थांबा. नवं शहर आणि नोकरीची घाई, फसवणारे याच दोन गोष्टी हेरतात. घरच्यांनी सोयाबीन विकून दिलेले पैसे एका फोनवर जाऊ देऊ नका. ऑनलाइन पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकं बरं.

स्वाध्याय

१. "तुम्ही इथे राहणार कुठे?" याचं तुमचं खरं उत्तर चार ओळींत लिहा आणि घरी मोठ्याने म्हणून दाखवा.
२. सीटीसी २२,२५०, एकूण पगार २०,००० आणि मूळ वेतन १३,३३३ असेल तर हातात किती येतील?
३. त्या रकमेत तुमचा महिना बसतो का? आई-वडिलांसोबत बसून मांडा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलं तर ती नोकरी नाकारणं म्हणजे नापास होणं नव्हे. गणित बरोबर सुटलं, एवढाच त्याचा अर्थ.

सर्वांना मुलाखतीसाठी मनापासून शुभेच्छा!