अक्षर आणि सायकल

तंजावरला लागून दक्षिणेस पुदुक्कोट्टई जिल्हा आहे. १९९१ साली तेथे साक्षरता मोहीम सुरू झाली. अक्षरांबरोबर स्त्रियांनी सायकलही शिकावी, असा आग्रह जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी धरला. हजारो स्त्रिया सायकल शिकल्या. त्यांच्यावर टीकाही झाली. परंतु बससाठी ताटकळणे कमी झाले आणि पाणी, बाजार, शाळा यांसाठी कोणावर अवलंबून राहणे उरले नाही.

महिलांच्या सायकली अपुऱ्या पडल्या, तेव्हा अनेकींनी पुरुषांची सायकल घेतली. तिच्या दांडीवर मूल बसवता येई. सायकल आपल्या कामाला व वाटेला साजेशी असावी, हेच निवडीचे सूत्र होय. खडीच्या वाटेवर रुंद टायर कमी घसरतात. पेडल तळाशी असताना गुडघा किंचित वाकलेला राहील, इतकी सीट उंच ठेवावी.

दूरच्या प्रवासासाठी दमसास हळूहळू वाढवावा. सहज बोलता येईल इतकाच वेग ठेवावा, दर आठवड्याला अंतर थोडे वाढवावे, मध्ये विश्रांती घ्यावी. वाचनाचेही असेच आहे. रोज एक पान वाचणाऱ्याला पुढे पुस्तक जड वाटत नाही.

पाठगत प्रश्न
१. अनेक स्त्रियांनी पुरुषांची सायकल का घेतली?
२. दमसास वाढवण्याचे दोन उपाय लिहा.