पाठ 12 : गावचं पाणी, गावाचा हिशोब

वाचण्यापूर्वी

नळ सोडला की पाणी येतं. पण ते येतं कुठून? आणि वापरून झालं की जातं कुठे? या दोन्ही कामांचे पैसे कोण भरतं? घरातल्या मोठ्या माणसांना हे तीन प्रश्न विचारा. त्यांची उत्तरं वहीत लिहा आणि मग पाठ वाचायला घ्या.

भाग 1 : हॉलमधली सभा

माझी आई पाण्याची इंजिनियर आहे. न्यूझीलंडमधल्या छोट्या गावांना पिण्याच्या पाण्याची आणि सांडपाण्याची योजना आखायला ती मदत करते. मागच्या शनिवारी तिला एका गावच्या सभेला जायचं होतं. आमचे आजोबा सध्या साताऱ्याहून आले आहेत. ते म्हणाले, “सूनबाई, मीही येतो. गावची सभा बघून बरेच दिवस झाले.” मग मीही गाडीत बसले.

दोन तासांचा रस्ता होता. दोन्ही बाजूंना हिरवी कुरणं आणि मेंढ्या. गाव म्हणजे 80 घरं, एक शाळा, एक मराई आणि एक जुना हॉल. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाइपने टाकीत येतं आणि टाकीतून घरोघरी जातं. गावातल्या लोकांनीच पूर्वी खांद्यावर पाइप वाहून ही लाइन टाकली होती. पाणी गार आणि चवीला गोड. पण त्यावर कुठलीच प्रक्रिया होत नाही.

आईने सांगितलं, “मोठा पाऊस पडून गेल्यावर आपण दोनदा पाणी तपासलं. दोन्ही वेळा त्यात ई. कोलाय जिवाणू सापडले. म्हणजे जनावरांची किंवा माणसांची विष्ठा पाण्यात मिसळते आहे.”

मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. “आम्ही लहानपणापासून हेच पाणी पितोय. आम्हाला काय झालं?”

मी आजोबांना मराठीत अर्थ सांगितला. आजोबा हसले. “अरे, हा तर अगदी आमच्या गावच्या माणसासारखा बोलतोय!”

आई मात्र हसली नाही. तिने हॅवलॉक नॉर्थची हकिकत सांगितली. ती पुढे दिली आहे.

भाग 2 : हॅवलॉक नॉर्थ, ऑगस्ट 2016

हॉक्स बे भागात हॅवलॉक नॉर्थ नावाचे गाव आहे. 2016 मध्ये तिथे सुमारे 14,000 लोक राहत होते. गावाला कूपनलिकांमधून भूजल मिळत असे. हे पाणी जमिनीखाली सुरक्षित आहे, असे सर्वांना वाटत होते. त्यामुळे त्यात क्लोरीन घातले जात नव्हते. बिनक्लोरीनचे, चवदार पाणी ही लोकांच्या अभिमानाची गोष्ट होती.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जोरदार पाऊस झाला. मेंढ्यांच्या कुरणांतले पाणी वाहत जवळच्या तळ्यात गेले आणि तिथून जमिनीत मुरून कूपनलिकांपर्यंत पोहोचले. त्या पाण्यात कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू होते. काही दिवसांतच घराघरांत लोकांना जुलाब, ताप आणि पोटदुखी सुरू झाली. 12 ऑगस्टला पाण्यात क्लोरीन घालायला सुरुवात झाली आणि ‘पाणी उकळून प्या’ अशी सूचना निघाली. पण तोपर्यंत उशीर झाला होता.

सरकारने चौकशी समिती नेमली. समितीच्या अंदाजानुसार सुमारे 5,500 लोक आजारी पडले. सुमारे 45 जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. तीन जणांच्या मृत्यूला ही साथ कारणीभूत ठरली असावी, असेही समितीने नोंदवले.

यानंतर देशाचे कायदे बदलले. ‘तौमाता अरोवाई’ ही पिण्याच्या पाण्यावर लक्ष ठेवणारी नवी संस्था तयार झाली. पाणीसेवांचा नवा कायदा नोव्हेंबर 2021 मध्ये लागू झाला. आता केवळ मोठ्या शहरांनीच नव्हे, तर लहान वस्त्यांना पाणी पुरवणाऱ्यांनीही ते सुरक्षित ठेवले पाहिजे.

फक्त क्लोरीन घातले की काम संपते, असेही नाही. सप्टेंबर 2023 मध्ये क्वीन्सटाउनमध्ये क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीमुळे लोक आजारी पडले. हा परजीवी क्लोरीनला सहज दाद देत नाही. त्याला रोखण्यासाठी बारीक गाळणी किंवा अतिनील किरणांची यंत्रणा लागते. म्हणून पाण्याच्या वाटेवर एकापेक्षा जास्त अडथळे उभे करतात. एक अडथळा चुकला, तर दुसरा तरी काम करतो.

भाग 3 : खर्चाचं गणित

हकिकत ऐकून हॉल शांत झाला. मग पहिल्या रांगेतल्या एका आजींनी हात वर केला. “पाणी शुद्ध हवं, हे मला पटलं. पण मी पेन्शनवर जगते. हे मला परवडणार कसं?”

“हाच खरा प्रश्न आहे,” आई म्हणाली. तिने फळ्यावर एक नमुना हिशोब मांडला. आकडे फक्त समजण्यासाठी घेतले होते.

* समजा, शुद्धीकरण केंद्र, नवी टाकी आणि नवे पाइप यांचा खर्च 24 लाख डॉलर आहे.
* घरं 80. म्हणजे प्रत्येक घराच्या वाट्याला 30,000 डॉलर.
* ही रक्कम 5 टक्के व्याजाने 30 वर्षांसाठी कर्जाऊ घेतली, तर प्रत्येक घराचा वर्षाचा हप्ता साधारण 1,950 डॉलर.
* वीज, तपासणी, दुरुस्ती आणि कामगाराचा पगार मिळून वर्षाला 80,000 डॉलर. म्हणजे प्रत्येक घरामागे 1,000 डॉलर.
* एकूण : एका घराला वर्षाला साधारण 2,950 डॉलर.

“आता समजा, निम्म्या बांधकामाला सरकारी अनुदान मिळालं,” आई पुढे म्हणाली. “मग हप्ता 975 डॉलरवर येतो. पण शेवटचे 1,000 डॉलर तसेच राहतात. अनुदान बहुतेक वेळा बांधायला मिळतं, चालवायला मिळत नाही.”

मला एक गोष्ट कळेना. मी हळूच विचारलं, “आई, शहरात एवढे पैसे का लागत नाहीत?”

“कारण शहरात वाटेकरी खूप असतात, बाळा. तपासणी गावातही करावी लागते आणि शहरातही. शहरात तो खर्च हजारो घरांत वाटला जातो. इथे फक्त 80 घरांत.”

म्हणून छोट्या गावांपुढे काही पर्याय असतात. योजना कौन्सिलकडे सोपवली, तर खर्च जास्त घरांत वाटता येतो. काही शेजारच्या कौन्सिल एकत्र येऊन पाण्याची वेगळी कंपनीही काढतात. सरकारने सगळ्या कौन्सिलना याबद्दलचे आराखडे 3 सप्टेंबर 2025 पर्यंत द्यायला सांगितले होते. पुढे पाणीसेवा कोण देणार आणि तिचा पैसा कुठून येणार, हे त्यात लिहायचं होतं. तिसरा पर्याय म्हणजे मोठं केंद्र न बांधता प्रत्येक घरावर गाळणी आणि अतिनील दिवा बसवणं. त्यात बांधकाम कमी लागतं, पण 80 ठिकाणची गाळणी बदलायला कुणीतरी वेळेवर गेलंच पाहिजे.

“आणि कमी उत्पन्न असलेल्या घरांना रेट्समध्ये सूट मिळण्याची सरकारी योजना आहे,” आईने त्या आजींना सांगितलं. “तुमचा अर्ज आपण आजच बघू.”

भाग 4 : वापरलेलं पाणी कुठे जातं?

ग्रामीण न्यूझीलंडमध्ये अनेक घरांना सेप्टिक टाकी असते. घाण टाकीच्या तळाशी बसते आणि जिवाणू तिचे विघटन करतात. वरचे पाणी छिद्रे असलेल्या पाइपमधून जमिनीत मुरते. काही वर्षांनी तळाचा गाळ उपसावा लागतो. घरे दूर दूर असतील आणि जमीन चांगली असेल, तर ही पद्धत पुरते.

पण घरे दाटीने आणि पाण्याच्या काठावर असतील, तर अडचण येते. रोटोरुआजवळच्या रोटोइटी आणि रोटोमा या सरोवरांच्या काठी हेच घडले. सेप्टिक टाक्यांमधले नायट्रोजन आणि फॉस्फरस जमिनीतून सरोवरांकडे जात होते. ही द्रव्ये वाढली की पाण्यात शेवाळ माजते. म्हणून तिथे सर्व घरांसाठी एकत्र सांडपाणी योजना करायचे ठरले.

योजना ठरवताना कौन्सिल, स्थानिक माओरी इवी आणि रहिवासी एका समितीत बसले. माओरी विचारानुसार माणसाचे सांडपाणी थेट नदीत किंवा सरोवरात सोडणे योग्य नाही. आधी ते जमिनीतून गेले पाहिजे. योजनेतही शुद्ध केलेले पाणी सरोवरात न सोडता जमिनीत मुरवायचे ठरले. खर्चाचा काही भार सरकारी अनुदानाने उचलला, तरी घरमालकांनाही आपला वाटा द्यावा लागला.

भाग 5 : आजोबांचं गाव

चहाच्या वेळी कुणीतरी आजोबांना विचारलं, “तुमच्याकडे कसं असतं?” आजोबा मराठीत बोलले आणि मी सांगत गेले.

“आमचं गाव माण तालुक्यात. पाऊस कमी. उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची. मी पाणीपुरवठा समितीत होतो. एकदा नळयोजना झाली. उद्घाटन झालं, नारळ फोडला, पेढे वाटले. पण पाणीपट्टी भरायला कुणी तयार नाही! प्रत्येक जण म्हणायचा, ‘शेजारी भरेल तेव्हा मी भरेन.’ मोटरचं वीजबिल थकलं. वीज तोडली गेली. नळ होते, पाइप होते, टाकीही होती. पाणी तेवढं नव्हतं. बायका पुन्हा हंडा घेऊन विहिरीवर.”

“मग?” त्या पेन्शनवाल्या आजींनी विचारलं.

“मग ग्रामसभा घेतली. कुणी किती भरले, किती खर्च झाले, ते सगळं फळ्यावर लिहायला लागलो. हिशोब दिसला तशी लोकांची पट्टी यायला लागली. टाकीत टीसीएल पावडर घालायचं काम एका माणसाला नेमून दिलं. सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं.”

आजोबांच्या अनुभवातली गोष्ट आता सरकारी योजनांमध्येही दिसते. भारतात 15 ऑगस्ट 2019 रोजी जल जीवन मिशन जाहीर झाले. ग्रामीण भागात माणशी रोज 55 लिटर पाणी नळाने देणे हे त्याचे उद्दिष्ट. गावातल्या कामांच्या खर्चापैकी साधारण 10 टक्के वाटा गावाने उचलावा आणि डोंगराळ किंवा जंगल भागात 5 टक्के, असा त्यात नियम आहे. हा वाटा पैशांत किंवा श्रमदानातही देता येतो. गावच्या पाणी समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असेही ठरले आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार हे गाव तर दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. किती पाऊस पडला, प्यायला किती लागेल, उरलेल्या पाण्यात कोणती पिके घ्यायची, हे गाव मिळून ठरवते.

भाग 6 : सभेत काय ठरलं?

त्या दिवशी सगळे प्रश्न सुटले नाहीत. “आधी एक वर्ष दर महिन्याला पाणी तपासा,” असं मागच्या रांगेतले गृहस्थ म्हणाले. आईने मान्य केलं, पण एका अटीवर. तोपर्यंत प्रत्येक घराने पिण्याचं पाणी उकळून प्यायचं. शाळेत आणि मराईवर गाळणी आणि अतिनील दिवा लगेच बसवायचा. सात जणांची समिती झाली. मोठं केंद्र की घरोघरी गाळणी, या दोन्हींचा खर्च समिती मागवणार आहे.

निघताना मी फळ्याकडे पाहिलं. सचिवांनी कामांची यादी लिहिली होती. पहिल्या ओळीत केंद्र नव्हतं, टाकीही नव्हती. लिहिलं होतं : ‘वीजबिल आणि दुरुस्तीचे पैसे दरवर्षी कोण गोळा करणार?’

मी आजोबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “बरोबर सुरुवात केली.”

शब्दार्थ

* सांडपाणी : आंघोळ, धुणी-भांडी, संडास यांसाठी वापरून झालेलं पाणी
* भूजल : जमिनीखाली साठलेलं पाणी
* कूपनलिका : पाणी काढण्यासाठी जमिनीत खोल खणलेली नळी, बोअर
* अनुदान : एखाद्या कामासाठी सरकारने दिलेले पैसे, जे परत करायचे नसतात
* पाणीपट्टी : पाण्यासाठी भरायचा कर
* थकणे (बिल) : वेळेवर न भरल्यामुळे बाकी राहणे
* दाद न देणे : एखाद्या उपायाचा परिणाम न होणे
* ताळेबंद : जमा आणि खर्च यांचा पूर्ण हिशोब

भाषेकडे लक्ष द्या

भाग 2 आणि 4 मध्ये ‘पाणी पोहोचले’, ‘ठरले’ अशी लेखी रूपं आहेत. गोष्टीत मात्र ‘पाणी तपासलं’, ‘बिल थकलं’, ‘ठरलं’ अशी बोली रूपं आहेत. अर्थ तोच. भाग 4 मधली कोणतीही तीन वाक्यं बोली रूपात लिहा.

प्रश्न

1. हॅवलॉक नॉर्थमध्ये जिवाणू पिण्याच्या पाण्यात कसे आले? क्रमाने सांगा.
2. क्वीन्सटाउनच्या उदाहरणातून काय शिकायला मिळतं?
3. भाग 3 मधल्या गावात 80 ऐवजी 40 घरं असती आणि एकूण खर्च तेवढाच राहिला असता, तर एका घराला वर्षाला किती पैसे भरावे लागले असते?
4. आजोबांच्या गावात नळ असूनही पाणी का नव्हतं?
5. “सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही.” तुमच्या घरातलं किंवा शाळेतलं एक उदाहरण द्या.
6. चर्चा करा : एकट्या राहणाऱ्या आजींनी आणि सहा जणांच्या कुटुंबाने सारखीच पाणीपट्टी भरावी का? दोन्ही बाजूंनी प्रत्येकी दोन कारणं सांगा.